घरपट्टी आणि लंगडी कोंबडी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी एक कोंबडी उभी राहते. ही चौकशी निवृत्तीनंतरची, दुबईतली. मी ऊद मेथाला मुलाकडे गेलो होतो. अंगावर वर्दी नव्हती, खिशात फक्त व्हिजिट व्हिसा. पण पोलिसाची खोड काही निवृत्त होत नाही.

खबर आणली ती एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने. तो रत्नागिरीकडचा. त्याच्या वाडीतली माणसं दुबईच्याच देरा भागात एकाच खोलीत राहायची. वाडीत झऱ्याचं पाणी पाइपाने आणायचं ठरलं होतं. त्यासाठी जसं घर तशी घरपट्टी, आणि ती ज्याच्या त्याच्या घरच्यांनी गावातच भरायची. घरांची किंमत ठरवायला खोलीतले लोक दरवर्षी मतदान करून एक मोजणीदार निवडत. गावाहून घरचे लोक घराचे व्हिडिओ पाठवत आणि ते एकटा मोजणीदारच बघे. एकमेकांच्या फरश्या दिसल्या की भांडणं होत, म्हणून ही पद्धत.

“साहेब, यंदा सगळ्यांचीच घरं मातीची लावलीत,” तो म्हणाला. “पट्टी कमी जमली, पाइप अर्ध्यावर अडकलाय. मोजणीदार फितलाय. शुक्रवारी मतदान आहे. पदावरून काढायचा आणि खोलीतून पण. खलास.”

“तुमचं घर कसलं लावलंय?” मी विचारलं.

तो एसीत डोकं घालून म्हणाला, “मातीचंच.”

शुक्रवारी दुपारी मी देऱ्यात हजर झालो. साक्षीदार नेहमी वेगवेगळे घ्यावेत, म्हणून एकेकाला गॅलरीत बोलावलं. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या स्लॅबची, टाइल्सची, अगदी गेटच्या रंगाचीही खडान्‌खडा माहिती दिली. स्वतःच्या घराचा विषय निघाला की मात्र प्रत्येकाला तहान लागायची.

मोजणीदार शेवटी आला. रंगकाम करणारा, अबोल माणूस. दिसलं तसं लावलं, यापलीकडे बोलेना. सराईत गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा तुमच्याकडे बघतो. हा जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, नाव जाईल, खोली जाईल, निदान व्हिडिओ तरी दाखव. त्याने नाइलाजाने फोन पुढे केला.

पहिल्या घरात मातीच्या भिंती, कौलं, आणि अंगणातून गेलेली एक लंगडी कोंबडी. दुसऱ्या घरात मातीच्या भिंती, कौलं आणि लंगडी कोंबडी. चौथ्या घरात तर ती खुर्चीवर बसली होती. एसीवाल्याच्या घरात तिने थेट कॅमेऱ्याला चोच मारली.

मी सगळ्यांना आत बोलावून व्हिडिओ ओळीने लावले. जो तो वाकून दुसऱ्याचा व्हिडिओ बघू लागला. आपण एकट्यानेच हुशारी केली, असा ज्याचा त्याचा समज होता.

“कोंबडी कुणाची?” मी विचारलं.

“आमची,” मोजणीदार म्हणाला. “घर पण आमचंच.”

वाडीत मातीचं घर तेवढं एकच उरलं होतं. मी चिडलो. म्हटलं, भल्या माणसा, पहिल्याच दिवशी का नाही बोललास?

“आई एकटी असते, साहेब. एरवी तिच्याकडे कोण येत नाही. व्हिडिओ काढायला आले की बसतात, चहा घेतात. फोनवर आठवडाभर तेच सांगत होती. बोललो असतो तर येणं बंद झालं असतं.”

एसीवाला उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मतदान झालं. मोजणीदार एकमताने निवडून आला. खरे व्हिडिओ मागवले गेले, घरपट्ट्या दणदणीत वाढल्या आणि पाइप वाडीत पोहोचला. खोटं बोलणाऱ्याला पकडायला मला खात्याने शिकवलं होतं. गप्प बसणारा कुणासाठी गप्प आहे हे विचारायला मात्र त्या खोलीने शिकवलं.

एसीवाला अजून फोन करतो. सांगतो, आता मोजणी चोख होते. फक्त प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती लंगडी कोंबडी अजून दिसते, कारण घर दाखवण्याआधी सगळे तिथे चहाला जातात.