केसभर फरक

आमचे काका घड्याळजी. दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसाला दोन सेकंद जरी पुढे गेलं, तरी त्यांचं डोकं फिरायचं. मधुमेह वीस वर्षांचा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोल श्वास घ्यायला लावून हृदयाचा आलेख काढला. काकांनी लगेच खिशातलं भिंग त्या पट्टीवर धरलं.

"बघा! दोन ठोक्यांतलं अंतर केसभरही बदलत नाही."

"तेच तर चुकलंय," बाई म्हणाल्या. "श्वासागणिक ठोके थोडे मागेपुढे व्हायला हवेत. साखरेनं हृदयाची चाल सांभाळणाऱ्या नसा दुखावल्यात."

काकू फणकारली, "लेक कायमची परदेशी गेली, तेव्हाही यांचं काळीज हललं नव्हतं."

काकांनी भिंग हळूच खिशात ठेवलं.

"तेव्हा हललं होतं गं," ते म्हणाले.