‘काही करत नाही’ असं लिहा

सर्व्हेच्या नोकरीत फॉर्म साठतात ऑफिसात आणि किस्से साठतात आपल्याकडे. फॉर्म निदान गठ्ठे बांधून पुण्याला पाठवता यायचे. किस्से कुठं पाठवणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात आमचं छोटंसं सरकारी ऑफिस. मी आणि बिराजदार घरोघर फिरणारे, वर सुपरवायझर जोगळेकर साहेब. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचं, गेल्या सात दिवसांत काम केलं का? नसेल तर शोधलं का? दोन्ही नसेल तर तो माणूस ‘श्रमशक्तीच्या बाहेर’. देशात असे किती, ते दिल्लीला हवं असायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आम्हालाही वाटलं होतं!

*

नवी पेठेच्या मागं एक घर. पंचविशीचा थोरला मुलगा ओट्यावर दाढी करत बसलेला.

“काम करता?”

“न्हाय.”

“शोधताय?”

“व्हय, रोज शोधतो की.”

आतून वडील ओरडले, “लई जपून शोधतो साहेब! चुकून सापडू नये म्हणून!”

*

विणकरांच्या वस्तीत एका घरी नवरा माहिती देत होता. बायकोच्या नावापुढं म्हणाला, “काही करत नाही असं लिहा. घरीच असते.”

बाई तिथंच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मान वर नाही, हात थांबत नाहीत.

मी विचारलं, “मग हे काय चाललंय?”

“ते होय? वेळ जात नाही म्हणून करते.”

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. “असं? मग उद्यापासून वेळ तुमी घालवा. मी बसते साहेबांशी बोलत!”

मी मुकाट्यानं ‘काम करते’ लिहिलं.

*

टेंभुर्णीला एस.टी. स्टँडजवळ एक आजोबा भेटले. शेत मुलांवर सोपवून निवांत बसलेले. सगळे प्रश्न झाले. काम नाही, शोधत नाही. अगदी चोख ‘बाहेर’चा माणूस! मी खुशीत फॉर्म मिटायला लागलो.

“आन तुमी काय करता?” आजोबांनी विचारलं.

“हेच. लोकांना विचारत फिरतो, काय काम करता म्हणून.”

“दिसभर?”

“हो.”

“आन त्याचा पगार भेटतो?”

“भेटतो की.”

आजोबांनी माझ्या फॉर्मवर बोट ठेवलं. “मग ते खोडा. लिवा, काम शोधतोय!”

*

अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड लागायचं. एकदा बिराजदार तापानं आजारी. मी त्याच्याकडून एक प्रश्न पाठ करून एकटाच गेलो. शेतावरच्या एका आजीला तो विचारला. आजी दहा मिनिटं बोलली, हातवारे करून. मला एकच शब्द कळत होता, ‘इल्ला’. म्हणजे नाही. तो तर चार-पाच वेळा आला. मी लिहिलं, काम नाही.

बिराजदार बरा झाल्यावर शंका नको म्हणून तिच्याकडं जाऊन आला. परत आला तो पोट धरून हसत.

“अरे, ती सांगत होती, बसायला फुरसत इल्ला, आजारी पडायला सवड इल्ला, आन सुनेचा हातभार तर अजिबात इल्ला!”

*

आता जोगळेकर साहेबांचं. माणूस भला, पण नियमाच्या बाहेर एक पाऊल नाही. नियम असा की घरचं रांधणं-धुणं ‘काम’ धरायचं नाही. तेवढंच करणारी बाई ‘बाहेर’.

सर्व्हेची घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्यात एकदा नेमकं साहेबांचंच घर निघालं. फॉर्म भरायला मी गेलो. वहिनींनी चहा आणि गरम थालीपीठ ठेवलं. साहेब सांगत होते, “लिहा. पत्नी. काम करत नाही.”

वहिनी दारातच थांबल्या. “अहो, हे सरकारला जाणार का?”

“थेट दिल्लीला!”

“मग खोटं नको हं जायला. किती दिवसांचं विचारतात?”

“सात,” मी म्हणालो.

“ठीक आहे,” वहिनी म्हणाल्या आणि कोचावर जाऊन बसल्या.

सोमवारी साहेब चुरगळलेला शर्ट घालून आले. मंगळवारी डब्यात केळी. बुधवारी बोटाला पट्टी. गुरुवारी अर्धी रजा, कारण ‘दळण’. शनिवारी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, “तो माझा फॉर्म आणा जरा.”

‘काम करत नाही’ यावर त्यांनी लाल शाईनं काट मारली. वर लिहिलं, ‘काम करते’. शेऱ्यात लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली.’

पुण्याहून फॉर्म परत आला. सोबत चिठ्ठी. ‘नियमानुसार घरकाम हे काम धरता येत नाही. खुलासा करावा.’

आम्हाला वाटलं, साहेब अडकले! साहेबांनी शांतपणे उत्तर लिहिलं. ‘सदर फॉर्म आपण घरी न्यावा व पत्नीस दाखवावा. खुलासा आपोआप होईल.’

पंधरा दिवसांनी फॉर्म पुन्हा आला. त्यावर पुण्याच्या वरिष्ठांची सही आणि एकच शब्द, ‘मान्य’.

आणि कागदाच्या कडेला हळदीची चार बोटं उमटलेली.