न चढलेल्या शिडीचा विमा

अपंगत्वाचा विमा घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी तक्ता बनवला. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार? विमा कंपन्यांच्या कागदात कुठला अवयव गेला तर किती टक्के मिळतात ते लिहिलेलं असतं. ते सगळं मी कॉम्प्युटरवर उतरवून काढलं, रंग दिले, रकाने पाडले. अंगठ्याचा भाव तर्जनीपेक्षा बराच वर होता. कान खाजवण्याखेरीज जिचा मला काही उपयोग नाही त्या करंगळीचेही पैसे होते. आयुष्यभर खुर्चीत बसून जी मोडली त्या कमरेला मात्र कुणी विचारत नव्हतं. पंधरा दिवस मी हा तक्ता सुधारत होतो आणि विमा काही घेतला नव्हता.

बायको कंटाळली. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला पगार आहे. मी अमरावतीत स्ट्रक्चरल इंजिनिअर, स्वतःचं ऑफिस, म्हणजे मी अंथरुणाला खिळलो की दुसऱ्या महिन्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर. मुलीच्या कॉलेजची अजून तीन वर्षं बाकी. बायकोचा धाकटा भाऊ अकोल्याला विम्याचं काम करतो. "तक्ता घ्या आन् चला," ती म्हणाली. रविवारी आम्ही बसने अकोल्याला गेलो.

साळ्याने माझा तक्ता पाहिला, "लय मेहनत घेतली भाऊजी," म्हणाला आणि बाजूला ठेवून दिला. मग त्याने मला जे सांगितलं ते माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.

"हे पहा, बोटायचं सोडा. एक पॉलिसी अशी हाये, का तुमाले कोनतंच काम जमत नसन तवाच पैसे देते. उद्या तुमी खुर्चीवर बसून पावत्या फाडू शकता, तर कंपनी म्हनते, फाडा पावत्या. दुसरी महाग हाये, पन तुमाले तुमचं सोताचं काम जमलं नाई तरी पैसे देते."

"दुसरी," मी लगेच म्हणालो. पावत्या फाडायला का मी एवढा शिकलो?

"मंग सांगा, तुमचं सोताचं काम म्हंजे नेमकं काय?"

प्रश्न सरळ होता. त्याच्या फॉर्मवर दोन वर्ग होते. टेबलाशी बसून सल्ला देणारे, म्हणजे वकील, डॉक्टर वगैरे, त्यांचा हप्ता कमी. बांधकामावर जाऊन देखरेख करणारे, त्यांचा हप्ता जास्त. इथे कुणीही शहाणा माणूस थोडं खोटं बोलून स्वतःला स्वस्त वर्गात बसवेल. मी खोटं बोललो आणि स्वतःला महाग वर्गात बसवलं.

"लिही," मी म्हणालो. "प्रत्येक स्लॅब स्वतः चढून तपासतो. सळ्यांवर माझा पाय पडल्याशिवाय माझ्या साइटवर काँक्रीट पडत नाही."

हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत आलोय. लग्नात, चहाच्या टपरीवर, नव्या गिऱ्हाइकापुढे. आणि अठरा वर्षं ते खरं होतं. आमच्याकडे रीतच आहे, स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरने शिडी चढायची, सळ्यांच्या जाळीवरून चालायचं, दोनचार ठिकाणी पाय आपटायचे, एखादी सळई उगाच बदलायला लावायची आणि खाली उतरून सही करायची. दोन वर्षांपूर्वी राजापेठेजवळच्या एका साइटवर तिसऱ्या मजल्याच्या जाळीवर उभा असताना सगळं गरगर फिरायला लागलं. मी एका कॉलमच्या सळ्यांना दोन्ही हातांनी मिठी मारली आणि दहा मिनिटं तसाच उभा राहिलो. खाली आल्यावर मिस्तरी बाकीच्यांना सांगत होता, की साहेब कॉलम कसा बारकाईने पाहतात ते शिका. मी मान डोलावली. मनातून थोडं बरंच वाटलं.

त्यानंतर मी चढलो नाही. कुणाला सांगितलंही नाही, डॉक्टरला तर नाहीच. साइटवर जातो, खाली सावलीत खुर्ची टाकतो, मिस्तरी वरून मोबाइलवर फोटो पाठवतो, मी ते बोटांनी मोठे करून पाहतो, कपाळाला आठ्या पाडतो आणि सही करतो. आठ्या पाहून लोकांना वाटतं की साहेब कडक आहेत.

साळ्याने पुढचा प्रश्न वाचला. "चक्कर येनं, तोल जानं, असं काई?"

"नाही."

"लिहून घे, येते," बायको म्हणाली. ती चहाचे कप गोळा करत होती. "यायले चक्कर येते. दोन वर्सं झाले, स्लॅबवर गेलेच नाई हे."

मी तिच्याकडे पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"पँटी कोन धुते? आंधी पायाशी गंजाचे डाग रायत, घासू घासू हात दुखत माहे. दोन वर्सांपासून एक डाग नाई, आन् घरी स्टुलावर चढले का भिंत धरता. म्या वाट पाहून राह्यली होती, कवा सांगता म्हून."

मला लाज वाटली. रागही आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. साळ्याने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं, की हे लपवून पॉलिसी घेतली आणि उद्या त्याच चकरेने मी पडलो, तर कंपनी एक रुपया देणार नाही. म्हणजे मी जे करत नव्हतो त्यासाठी जास्तीचा हप्ता भरणार होतो, आणि जे मला होतं त्यासाठी काहीच मिळणार नव्हतं. एवढा पक्का तोट्याचा हिशोब मी तक्त्याशिवाय केला होता.

फॉर्म फाडला, दुसरा भरला. काम: टेबलाशी बसून. चक्कर: हो, दोन वर्षांपासून. डॉक्टरचा रिपोर्ट जोडायचा आणि मग कंपनी देते की नाही ते पाहायचं. मी सही केली.

परतीची बस मूर्तिजापूरला थांबली. मग तिने विचारलं, "उद्या कुठी स्लॅब पाहाले जाता?"

"चांदूर बाजारला. वरच्या मजल्याचा."

"मंग?"



सकाळी चांदूर बाजारला पोचलो तेव्हा लोखंड बांधून तयार होतं आणि मिस्तरी मोबाइल हातात घेऊन शिडीशी उभा होता. घर एका भाजी विकणाऱ्या जोडप्याचं. नवरा बाजारात गेला होता, बाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि सांगून टाकलं, की उद्याचा स्लॅब थांबवा. मला चक्कर येते, मी वर चढू शकत नाही. माझ्या ऑफिसातली एक तरुण इंजिनिअर आहे, ती परवा येऊन वर जाऊन पाहील, मगच काँक्रीट टाकू. मला वाटलं होतं ती खोळंब्यावरून चिडेल. खरं सांगायचं तर एवढं कबूल केल्याबद्दल मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटू लागलं होतं.

तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली.

"मंग साहेब, खालचा स्लॅब कोनं पाह्यला होता? मांगच्या वर्सी?"

"मी," मी म्हणालो, आणि मग म्हणालो, "मोबाइलवर. वर नव्हतो गेलो."

तिने मान वर करून दारातून आतल्या छताकडे पाहिलं.  उठली, आत गेली, आणि पाळण्यात झोपलेल्या नातीला गोधडीसकट उचलून बाहेर अंगणात घेऊन आली.