आबांनी ताणलेली जाळी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं मला मागून काय म्हणतात, तेही मला पक्कं ठाऊक आहे. पण एक आहे, माझी चूक झाली तर ती मी ओरडते तेवढ्याच मोठ्याने कबूल करते. एकदा मात्र मला माझी चूक कळायला पुरतं एक वर्ष लागलं.

नारायणगावला लागून वारूळवाडीत आमचं घर आणि घराला लागून द्राक्षबाग. मी जवळच्याच शाळेत खेळाची शिक्षिका. पुण्यात शिकताना दोन वर्षं टेनिस खेळले, तेव्हापासून त्या खेळाचं वेड डोक्यातून गेलं नाही. आमच्याकडे टेनिस म्हटलं की लोकांना टेनिस बॉलचं क्रिकेट आठवतं. "बाई, ते मोठ्या लोकांचं काम," असं मला दहा जणांनी ऐकवलं, म्हणून तर मी हट्टाला पेटले. घरामागचा बागेचा एक तुकडा जुना झाला म्हणून काढला होता. ती जागा मी सासऱ्यांकडे मागितली.

सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो. "आन् द्राक्षं काय आभाळात लावू?" असं म्हणाले खरे, पण आठच दिवसांत त्यांनी तिथे मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला आणि चुन्याच्या फक्कीने रेघाही मारल्या. जाळीच्या कामाला तर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी माझ्या जुन्या वहीत बघून सांगितलं, "खांबापाशी उंची साडेतीन फूट." आबांनी द्राक्षांच्या मोडलेल्या मांडवाचे दोन लोखंडी अँगल रोवले, बागेतली जाड तार घेतली आणि तार ओढायच्या मशीनने अशी ताणली, की बोटाने छेडली तर टणकन वाजावी. तरी मध्यभागी बोटभर झोल दिसतोय म्हणून तिथे बांबूचा टेकू दिला. मग एका डोळ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "आता बघा राव! ह्या तारेवर पाण्याचा थेंब ठेवा, हलायचा न्हाई."

आमच्याकडे तारेत झोल म्हणजे माणसाची अब्रू गेली. कुणाच्या बागेतली तार सैल दिसली, की जाता-येता लोक त्यावरून माणसाचं मोल करतात. मी स्वतः टेनिस खेळलेली, पण जाळी कधी बांधली नव्हती. मलाही ती कडक जाळी बघून अभिमानच वाटला.

सात-आठ मुलं-मुली यायला लागली. त्यातली एक येडगावची, घरी मेंढरं असलेली, आठवीतली. पहिल्याच दिवशी तिने रॅकेट धरली आणि फोरहँड असा मारला की मी बघतच राहिले. खांदा वळला, कंबर वळली, हात सपकन पुढे. कुणी शिकवलेलं नाही, काही नाही. चेंडू गेला तो थेट जाळीत, वरच्या तारेला लागून. म्हटलं, होईल, सरावाने होईल.

पण होईना. महिना गेला, दोन महिने गेले, तिचे दहातले सात-आठ चेंडू तारेला लागायचे. मग मी अभ्यासाला बसले. फोनवर मोठमोठ्या खेळाडूंचे सामने असतात. त्यातली एक उंच खेळाडू मी निवडली, जी चेंडू जाळीवरून जेमतेम चार बोटं वर ठेवून सरळ मारते. तिचा एकेक फटका मी अगदी हळू करून बघायची. थांबवायची, मागे घ्यायची, परत बघायची. मग आमच्या पोरीचा फटका फोनवर टिपायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायची. वहीत खांदा, कोपर, मनगट, पाय असे रकाने पाडले होते. दोघींचं हुबेहूब सारखं. त्या बाईचा चेंडू पलीकडे, आमचीचा जाळीत. मला तर वेड लागायची पाळी आली.

आबाही चहाचा कप घेऊन शेजारी बसायचे. त्यांची नजर छाटणीवाल्याची, वेलीचा कुठला डोळा फुटून कोंब येणार आणि कुठला नाही हे त्यांना काडी बघून कळतं. "ती बाई फटका मारायच्या आधी दम खाती बघ," असं ते मला दाखवायचे, आणि ते बरोबर निघायचं. एकदा मात्र ते फोनकडे बघून खो-खो हसले. "अगं सूनबाई, एवढी मोठी माणसं, आन् त्यांची जाळी बघ की! मधी झोल! तार वढायला कुणी गडी भेटला न्हाई व्हय ह्यान्ला?" मीही हसले. जाळीच्या मध्यभागी एक पांढरी पट्टी होती, ती मला शोभेची वाटायची. आबांना म्हटलं, "तुम्हाला बोलवायला पाहिजे होतं." आणि पुन्हा मनगट बघायला लागले.

शेवटी मी निकाल लावला, की खोट मनगटातच आहे. डोळ्यांना दिसत नसली तरी आहे. मग काय, तिचं मनगट बांधून बघितलं, पकड बदलली, फटका खालून वर घ्यायला लावला. जितकं शिकवलं तितकं बिघडलं. मी ओरडायची, "अगं, मनगट! मनगट!" येडगावला तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या आईलासुद्धा सांगून आले, "पोरगी गुणी आहे, पण हातात थोडी खोट आहे." पोर तिथेच उभी होती.

पुण्यात व्हायच्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आठ दिवसांवर आल्या तेव्हा ती माझ्याकडे आली. "बाई, कबड्डीचं सर मला बोलावत्यात. पुण्याला बी माझा चेंडू जाळीतच गेला, तर मी कबड्डीत जाते. तिथं मनगाट लागत न्हाई." मी म्हटलं, "जा, आत्ताच जा!" आणि घरी येऊन रडले. बाकीची मुलं गंमत म्हणून यायची, खेळ कळला होता तो या एकटीला. ती गेली असती तर तो मुरूम उखडून मी तिथे मेथी लावली असती.

गेली नाही, आली माझ्याबरोबर पुण्याला. कोर्टवर पाय ठेवला, जाळीकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ह्यांची जाळी ढिली हाय."

खरंच की! मधोमध चांगलीच खाली आलेली. झालं, माझा पारा चढला. लांबून येणाऱ्या पोरांना असली जाळी? मी तरातरा पंचांकडे गेले. "अहो, जिल्ह्याची स्पर्धा आणि जाळीला एवढा झोल? तार ओढायला माणूस नसेल तर सांगा, आमच्याकडून पाठवते!"

पंच शांत गृहस्थ होते. त्यांनी टेप काढला, मला जाळीच्या मध्यभागी नेलं, पांढऱ्या पट्टीशी टेप धरला आणि म्हणाले, "मॅडम, बरोबर तीन फूट. खांबांपाशी साडेतीन, मध्ये तीन. ही पट्टी जाळी खाली ओढून धरायलाच असते. जगभर असंच असतं."

आमची जाळी मध्येही साडेतीन फूट, म्हणजे अर्धा फूट उंच! बाई गं! शंभर वेळा ते फटके बघितले. खांदा बघितला, मनगट बघितलं, बुटाची टाचसुद्धा बघितली. ज्या जाळीवरून चेंडू जायचा, ती तेवढी बघितली नाही. आणि आबांनी बोट ठेवून दाखवली, तर हसण्यावारी नेली! तेवढ्यात सामन्याची हाक आली. मी तिला एवढंच म्हटलं, "मी शिकवलेलं सगळं विसर. पहिल्या दिवशी मारलास तसा मार."

तिने मारला. चेंडू जाळीवरून चार बोटं वर गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात पडला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग दुसरा, मग तिसरा. मी बाकड्यावर बसून रडत होते आणि शेजारची एक शिक्षिका मला विचारत होती, "तुमची हरतीये का?" दोन सामने जिंकून तिसऱ्यात ती हरली, पण हरली ती समोरची सरस होती म्हणून.

परतताना मंचरला चहाला थांबलो. मी तिला साडेतीन फूट, तीन फूट, टेकू, पट्टी असं सगळं सांगितलं. तिने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "म्हंजी बाई, माझा हात बरोबर व्हता?"

"बरोबर होता."

"पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून गं."

"मंग आईला सांगा."

तशीच येडगावला गेले. आई मेंढरं वाड्यात घालत होती. मी सगळ्या घरादारासमोर सांगितलं, "पोरीच्या हातात काही खोट नाही. जाळी चुकीची होती आणि मी शिकवलं तेही चुकीचं होतं." आई म्हणाली, "तरी मी म्हणती व्हती! कळप वळवायला दगूड मारती, तर मेंढराच्या फुडं बरोबर वीतभर पडतोय. त्या हातात कसली खोट?" मग म्हणाली, "बाई, जेवून जा."

दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या टेकूपायी पोरीचं वरीस गेलं." मी म्हटलं, "टेकू तुमचा, पण शिकवत मी होते." ते उठले, बांबू उपसला, तार सैल केली आणि आपल्या धुतलेल्या उपरण्याची पट्टी फाडून मध्यभागी जाळी खाली बांधली. टेपने तीन फूट मोजले, दोनदा. तेवढ्यात रस्त्याने जाणारा शेजारी ओरडलाच, "काय आबा, तार ढिली पडली व्हय?" आबा उसळले. "तशीच असती ती! टीव्हीत बघ जरा!"

संध्याकाळी ती आली. आबा खुर्ची टाकून बसले होते, मी चेंडू टाकायला उभी. तिने हात मागे घेतला, मारला, आणि चेंडू धाडकन जाळीत!

आबा टेप घेऊन उठायलाच लागले. तेवढ्यात ती रॅकेट पोटाशी धरून जी हसायला लागली, ती थांबेचना. "बसा, आबा, बसा! जाळी बराबर हाय. ह्यो माझा चुकला!"