नानांच्या तोंडातली साखर

चैत्रातली दुपार. देवरुखच्या त्या घरात आता एकच खोली त्यातल्या त्यात गार राहते, ती स्वयंपाकघराची. प्रमिला तिथेच कोब्यावर चटई टाकून आडवी होते. खिडकीखाली हेमाचा पाट. पाटावर नमनाचे खेळ करणाऱ्या कुठल्याशा मंडळाची पेटी पोट उघडून बसलेली. शिमगा सरला की गावोगावच्या पेट्या अशाच येतात, कुणाचा भाता फाटलेला, कुणाचा सूर बसलेला.

"मावशी, झोप गो जरा. मी हळू वाजवते."

"वाजव. मला तेवढ्यानेच झोप लागते."

हेमा एक सूर धरते. पितळेची पातळ जीभ कानशीने अंमळ घासते, पुन्हा धरते. सूर चढतो, थबकतो. प्रमिलाची झोप पायांकडून वर येते, ओहोटीला पाणी ओसरतं त्याच्या उलट चालीने. आधी पावलं जातात, मग गुडघे, मग कंबर. सूर मात्र संपत नाही. भाता हाताने मारलेला, कधीतरी श्वास सरायला हवा, पण हा सरतच नाही.

प्रमिला उठून बसते. हेमा खिडकीखाली नाही. सूर पडवीतून येतोय.

पडवीकडे जायला आता वाटच उरलेली नाही. मधे चिऱ्यांची भिंत आहे, श्रीधरभाऊजींनी घातलेली. प्रमिला चालू लागते आणि भिंत काही मधे येत नाही.

पडवीत नाना बसलेत. तोच निळ्या रेघांचा सदरा, कानावर शिसपेन्सिल. समोर त्यांची स्वतःची बेचाळीस सुरांची पेटी. दोन वर्षं होतील पुढच्या महिन्यात, एका सकाळी ह्याच पेटीवर मान टाकून ते गेले होते. प्रमिलाने चहा आणला तेव्हा कपाळाखाली दबलेल्या दोन पट्ट्या अजून धापा टाकत होत्या.

"अहो," ती म्हणते, "भिंत कुठे गेली?"

नाना वर बघतात. गाल फुगलेले, जसं पोर पाण्याची गुळणी धरून बसावं. ते हसतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरे दाणे सदऱ्यावर सांडतात.

"हे काय हो तोंडात?"

"साखर," नाना बोलतात, शब्द जाड, अडखळत. "तूच घातलेली. इतकी वर्षं झाली, विरघळतच नाही बघ."



तिची खोडच होती ती. नाना कधी जेवता जेवता, कधी भात्याला चामडं चिकटवता चिकटवता म्हणायचे, "प्रमिले, उद्या मी गेल्यावर ह्या पडवीचं..." की झालं! ही हातातलं टाकून उठायची, डब्यातली चिमूटभर साखर आणायची आणि त्यांच्या तोंडात घालायची. "तिन्हीसांजेचं असलं बोलू नये." दुपार असली तरी हिला तिन्हीसांजच असायची. तिची आई तिच्या बापाला अशीच साखर भरवायची. वाईट शब्द बाहेर पडायच्या आत त्याला गोडात बुडवायचं, म्हणजे तो खरा होत नाही. नाना हसायचे, साखर चघळायचे, आणि पुढचं वाक्य गिळून टाकायचे.

"थुंका ती," ती म्हणते.

"बायकोने दिलेलं थुंकू कसं?"

"अजून चेष्टाच!"

पडवीला आता बाकं आहेत, लांब, सरकारी. बाकांमागे कपाटं, कपाटांत फायलींच्या जागी पेट्या रचलेल्या, एकीवर एक, प्रत्येकीला लाल फीत. वारसाचे कागद बघणाऱ्या वकीलबाई टेबलाशी नाहीत, पण त्यांचा चष्मा आहे. तो नानांची पेटी उघडून आत वाकून बघतोय.

प्रमिलाला ठाऊक आहे आत काय आहे. पेटी दुरुस्त केली की नाना आतल्या लाकडावर शिसपेन्सिलीने तारीख आणि नाव लिहीत. सगळेच पेटीवाले लिहितात. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. ते गेल्यावर तिसऱ्या महिन्यात हेमाने त्यांची पेटी उघडली, तर तारखेखाली बारीक अक्षरांत ओळी निघाल्या होत्या. 'ही पेटी, सगळी हत्यारं आणि पडवी माझ्यामागे हेमाची. बाकीचं घर प्रमिलाचं. आईला दोघींनी सांभाळावं. वामन साळवी.' खाली सही, झोकदार.

"लिहिलं तर होतं ना मी," नाना म्हणतात. ते आता बाकावर तिच्या शेजारी आहेत. "तू बोलू देईनास, म्हणून आत लिहिलं."

"वकीलबाई म्हणाल्या, अक्षर खरं, सहीही खरी. पण सही करताना बघणारी दोन माणसं लागतात, त्यांच्याही सह्या लागतात."

"बेचाळीस सूर होते की साक्षीला. एक तरी खोटं बोलला असता का?"

तिला हसू येतं आणि हसण्याच्या मधेच रडू फुटतं. नाना तिच्या पाठीवर हात ठेवतात. हात हलका आहे, भात्यातल्या वाऱ्यासारखा.

हेमा प्रमिलाच्या बहिणीची. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, इथेच वाढली, नानांच्या मांडीवर बसून सूर ओळखायला शिकली. दत्तकाचा कागद तेवढा राहून गेला. घरात कागद मागणारं होतं कोण? कागद नंतर मागितला गेला. तो नाही म्हटल्यावर हेमा ह्या घराची कुणीच नव्हती. नियमाने घर अर्धं प्रमिलाचं झालं, अर्धं सासूबाईंचं.

"मी मागितलं होतं का गो?" बाकाच्या दुसऱ्या टोकावरून सासूबाई विचारतात. मांडीवर सूप, सुपात कुळीथ. "नव्वदीची बाई मी! मला घर घेऊन काय नाचायचं होतं?"

"तुम्ही तरी लिहून ठेवायचं होतंत, आई."

"मला कोण म्हणालं लिही म्हणून? तू तर मला पण साखर भरवायचीस."

त्याही अकरा महिन्यांत गेल्या, आणि त्यांचं अर्धं गेलं बोरिवलीला, श्रीधरभाऊजींकडे. वाटणीत पडवी त्यांच्या बाजूला आली. भाऊजी वाईट नाहीत. भिंत घालताना तेही खाली बघत होते. "वहिनी, माझी पोरं म्हणतात, आपलं आहे ते आपलं वेगळं असू दे." मग कुलूप लागलं. रस्त्यावरून येणारी माणसं बंद पडवी बघून परत फिरली, आणि हेमाचा पाट फोडणीच्या धुरात आला. पितळी रीडांवर हिरवा थर बसतो आता. ती रोज पुसते, आणि बोलत मात्र काही नाही.

"ती बोलत नाही ना, तेच लागतं मला," प्रमिला म्हणते.

"कुणाकडून शिकली असेल?" नाना म्हणतात. त्यांच्या ओठांतून आणखी दाणे गळतात.

बाक हलू लागतं. ती होडी आहे. खाली पाणी नाही, नमनाच्या रात्रीसारखी माणसंच माणसं बसलेली, अंधारात गच्च, आणि होडी त्यांच्या डोक्यांवरून अलगद जाते. कुणी वर बघत नाही. नाना पेटीवर तोच सूर धरतात, आणि प्रमिलाच्या गळ्यातून ओवी निघते, कुणी कधी न शिकवलेली:

साखर मी घाली, सख्याच्या गं ओठी,
सांगायाच्या गोठी, राहिल्या की.

"छान लावलीस," नाना म्हणतात. "आता तुझं सांग. तुझ्या अर्ध्याचं काय?"

"माझं काय व्हायचंय? अजून धडधाकट आहे मी."

"मी पण होतो. आदल्या रात्री पाच घावणे खाल्ले होते."

"सहा."

"बघ! सहा खाणारा माणूस सकाळी नव्हता. तू अशीच उठून आलीस माझ्याकडे, तर उरलेलं घरही सरळ श्रीधरकडे जाईल. तुला पोर नाही, म्हणजे कागदावर नाही. हेमा पाट घेऊन कुठे बसेल, पाराच्या कट्ट्यावर?"

"मला तो शब्दच आवडत नाही हो. मृत्युपत्र! लिहिलं की बोलावल्यासारखं वाटतं."

"मी लिहिलं नाही नीट. न बोलावता आलाच ना?"

 होडी थांबते. ती पुन्हा पडवी आहे, ऊन तिरपं आलंय. नानांच्या हातात कानस, आणि ते एक रीड पुन्हा पुन्हा घासताहेत.

"साधा कागद चालतो, गो. कुठली पडवी, कुठलं घर, कुणाला, स्वच्छ लिहायचं. दोन शहाणी माणसं समोर बसवायची, त्यांच्यादेखत सही करायची. हेमाला मात्र साक्षीला घालू नकोस, जिला द्यायचं तिची साक्ष नको. एवढंच होतं बघ. एवढं बोलायला मला अर्धी घटकाही लागली नसती."

"पण पडवी तर गेली आता."

"गेली," नाना म्हणतात. खोटी समजूत ते जिवंतपणीही काढत नसत. "ती मी घालवली आणि तू. निम्मी निम्मी."

 चिऱ्यांची भिंत कुठूनशी हळूहळू परत येऊ लागते, एक एक चिरा, आवाज न करता. आधी नानांचे पाय पलीकडे जातात.

"अहो!"

"हात पुढे कर."

ती ओंजळ धरते. नाना वाकतात, पोर बापाच्या हातावर बी टाकतं तसे, आणि तोंडातली साखर तिच्या हातावर सोडतात. कोमट, ओलसर, कितीतरी वर्षांची. गाल बसतात. चेहरा एकदम त्यांचा होतो, सुटलेला, मोकळा. ते काहीतरी म्हणतात, अगदी स्पष्ट. पण शेवटचा चिरा बसलेला असतो.

सूर तुटतो.

"मावशी? काय झालं गो? रडत होतीस झोपेत."

हेमा शेजारी उकिडवी बसलीय, हातात पितळेची जीभ. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. भिंत आहे तिथेच आहे, चुना लावलेली, गप्प.

प्रमिला उठून बसते.  मग म्हणते, "हेमा, उद्या मी गेल्यावर..."

पुढचं निघायच्या आत हेमा उठलेली असते. पावलं न शिकवता फडताळाकडे जातात. नाना गेल्यापासून ह्या घरात साखर येत नाही, चहातही गूळच पडतो. म्हणून हिचा हात गुळाच्या डब्याकडे. चिमूट घेऊन ती वळते, डोळे भरलेले.

"तिन्हीसांजेचं असलं बोलू नये मावशी."

प्रमिला तिचं मनगट धरते. गूळ काढून परत डब्यात टाकते, झाकण लावते.

"तिन्हीसांज नाही, तीन वाजलेत. बस इथे आणि शेवटपर्यंत ऐक. मग कदम गुरुजींना फोन लाव, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना. संध्याकाळी दोघांनी चहाला या म्हणावं, चष्मे घेऊन. त्याआधी वही दे मला, आणि पेन."

हेमा वही देते. देता देता थांबते, प्रमिलाच्या उजव्या हाताकडे बघत.

"हातात काय आहे?"

तळव्याच्या रेघांत पांढरे दाणे अडकलेत. ओलसर, उन्हात चकाकणारे. हेमा बोट लावते, जिभेवर ठेवते.

"साखर? आपल्याकडे कुठून आली?"

प्रमिला हात धूत नाही.  ती वहीचं कोरं पान काढते आणि लिहू लागते, 'मी, प्रमिला वामन साळवी...' आणि पेन दाबलं की दाणे तळव्याला टोचत राहतात.