जोडाखालचा फुटवा

"मंग आंबट आंब्यावर मारायचं औषधच नसते, म्हंतो तू?"

"नसते मावशी. कारन हे झाड केशर नोहेच."

तुळसाबाईनं हरिसिंगकडं असं पाहिलं, जसा काही त्यानंच आंबा बदलला होता. फुलसावंगीच्या रस्त्यावरल्या नर्सरीत कलमं बांधणारा हा माणूस तिनं मुद्दाम बोलावला होता. लेकीनं, साधनानं, सहा वर्षांमागं यवतमाळहून केशरचं कलम आणलं होतं. घरामागं मोरीच्या पाण्यावर तुळसाबाईनं ते वाढवलं. यंदा पहिल्यांदा आंबे लागले. बारके, गोल, रेषाळ आणि दात आंबवणारे.

"नोहे कसं? चिठ्ठी होती ना वर, केशर म्हनून!"

"चिठ्ठी खरी होती." हरिसिंगनं बुडाजवळचं गवत बाजूला सारलं. जमिनीच्या वितभर वर अंगठ्याएवढं वाळकं ठुटं होतं. "हा जोड. याच्या वरतं केशर, खालतं गावरानी. वरचं कायनं गेलं?"

"धुरपताच्या शेळीनं शेंडा खाल्ला. मंग दोन फुटवे आले. एक वरतं, मरतुकडा. एक खालून, चांगला जोमदार."

"मंग?"

"मंग काय? मरतुकडा उपटला!"

तीस वर्षं ती लोकांच्या वावरात कपाशीची विरळणी करत आली होती. एका जागी दोन रोपं दिसली की रोगट उपटायचं, धट्टंकट्टं ठेवायचं. हात विचारायला थांबत नाही. तिथंही थांबला नव्हता.

"म्हंजे एकाच मुळीवर दोन जाती?" ती ठुट्याजवळ वाकली. "मुळी कोनाची मंग?"

"गावरानीची."

"आन केशर जगलं असतं, तरी पानी गावरानीच पेला असता?"

"हो."

"हे कसं काय, बापा?"

काट्यांच्या कुपाटीपलीकडून शेजारीण धुरपताबाई ओरडली, "कापू नको वं माय! आमचं यंदाचं लोनचं याच आंब्याचं हाय."

"तुह्याच शेळीनं खाल्लं माहं केशर!"

"शेळीनं शेंडा खाल्ला. उपटलं तुवा!"

हरिसिंगनं पिशवीतून आरी काढली. तो म्हणाला, आज कमरेएवढ्यावर कापलं तर पावसाळ्यात नवे फुटवे येतील, त्यांवर केशर बांधता येईल. तीनेक वर्षांत आंबे.

"कापू?"

"काप." आरी सालीला टेकली. "थांब! एका फांदीवरच केशर बांधलं तं?"

"तेही जमते."

"मंग अर्ध गोड न अर्ध आंबट? त्या झाडाले म्हनाव काय?"

"आंबा म्हन ना, मावशी."

तिनं खोडाला हात लावला, वर पाहिलं, पुन्हा त्या ठुट्याकडं पाहिलं. सहा वर्षं फोनवर ती साधनाला सांगत होती, तुहं केशर मस्त वाढून राह्यलं. कोणतं वाढत होतं, हे तिला आताही नीट उमगत नव्हतं. ज्याला पाणी टाकलं ते परकं, आणि आपलं होतं ते आपणच उपटलेलं.

"आरी ठेव. एकडाव कोनाले न इचारता उपटलं मी. झाड साधनाचं हाय. इतवारी येते थे. तिले आंबा चाखू देतो, मंग तीच सांगन कापाचं का ठेवाचं."

"आन तिलेही नाही समजलं तं?"

"मंग दोघी मिळून डोकं खाऊ तुहं."

हरिसिंग हसत गेला. तिला पुंडलिकरावांच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायच्या होत्या, बाया पुढं निघून गेल्या होत्या. तुळसाबाईनं पाण्याची बाटली भरली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि झपाझप वावराची वाट धरली.