विसरणारा पेनड्राइव्ह

आमच्या ह्यांना मशीनशी बोलायची सवय आहे. माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो, पण एखाद्या मरायला टेकलेल्या लॅपटॉपचं झाकण उघडलं की "काय रे बाबा, कुठे दुखतंय?" असं अगदी मायेने विचारतील. सुरुवात रेडिओ दुरुस्तीपासून केली, मग टीव्ही आले, मग कॉम्प्युटर. वर घर आणि खाली दुकान. काउंटरवर मी, मागच्या टेबलावर हे, अशी लग्नापासूनची वाटणी. गिऱ्हाइकांशी भांडायचं काम माझं, कारण राग माझ्या नाकावर. मशीनशी भांडायचं काम त्यांचं, पण ते कधी भांडलेच नाहीत. निदान परवा-परवापर्यंत तरी नाहीत.

आता दुरुस्तीचं दुकान म्हटल्यावर आमचं स्वतःचं मशीन धड असेल असं तुम्हाला वाटेल. छे! काउंटरवरच्या कॉम्प्युटरची डिस्क ह्यांनी काढली आणि एका अडलेल्या गिऱ्हाइकाला बसवून दिली. मला म्हणाले, "नवी आणेपर्यंत पेनड्राइव्हवर लिनक्स चालवू, विंडोजसारखंच असतं, फुकटातलं. डिस्क लागतच नाही." असे पेनड्राइव्ह त्यांनी आजवर ढिगाने बनवलेत, चहा पिता पिता. त्या दिवशी मात्र मशीन काही सुरू होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, की सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

"बूट होत नाहीये," हे म्हणाले. पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं होतं तेव्हा मी त्यांचे बूट शोधायला दारापाशी गेले होते. आता ऐकून ऐकून मलाही सगळं कळतं. त्यांनी पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये खोचला. सेटिंगमध्ये जाऊन आधी पेनड्राइव्ह बघायचा असा क्रम लावला, तिथलं सुरक्षेचं कुलूप काढलं. दुसरा पेनड्राइव्ह घेतला. पुन्हा तीच ओळ. "हल्लीचा मालच भिकार!" असं ओरडून त्यांनी तो टेबलावर आपटला. हे आणि आपटतात? मी गिऱ्हाइकाला तसंच ठेवून मागे वळून बघत राहिले.

शेवटी मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते आणि बापाचंच काम करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जरा चाचरत विचारलं, "बाबा, ती लिनक्सची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केलीत, की नीट लिहिलीत?" गाणं टाकावं तशी फाइल टाकली तर मशीन सुरू होत नाही, ती वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते. या धंद्यातला हा अगदी पहिला धडा, आणि तो तिला ह्यांनीच दिलेला. "आता तू मला शिकवणार?" म्हणून ह्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि वर निघून गेले. मी हळूच बघितलं. नुसती कॉपी केली होती. दोन्हींवर. वय झालं, लक्ष नसेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

लेक सुट्टीला आली, तिने बसल्या बसल्या पेनड्राइव्ह बनवून दिला आणि ती गेली. मशीन सुरू झालं. हे खूश! पडद्यावर समुद्राचं चित्र लावलं, माझ्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केली, घड्याळ बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं तर सगळं गायब. चित्र नाही, अक्षरं मुंगीएवढी, घड्याळ भलतंच.

"काल मी हे केलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

"केलं होतं की! माझ्यासमोर केलंत. मशीनने खाल्लं, दुसरं काय."

त्यांनी पुन्हा सगळं लावलं. पुढच्या सकाळी पुन्हा गायब. मग हे रोजचंच झालं. सकाळी मी मशीनला शिव्या घालायची आणि हे समुद्र लावायचे. हळूहळू माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. "काल केलं होतं ना?" हे विचारणं त्यांनी सोडलं होतं. आता ते रोज म्हणायचे, "थांब, तुझ्यासाठी अक्षरं मोठी करून देतो." जणू ही युक्ती आत्ताच सुचली.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने त्याचं मशीन आणून टाकलं. सुरूच होत नव्हतं, आणि आत लोकांच्या लग्नांचे, बाळांचे, गेलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो. "काहीही करा, पण फोटो वाचवा," तो काकुळतीला येऊन म्हणाला. यात काय अवघड! पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, आतल्या डिस्कवरचे फोटो दुसरीकडे उतरवायचे. ह्यांच्या डाव्या हातचा मळ. मी चहा घेऊन मागे गेले तर पडद्यावर मशीन विचारत होतं, कुठली डिस्क पुसायची? आणि ह्यांचं बोट कळीवर. पेनड्राइव्ह तो केवढासा आणि निवडलेल्या डिस्कचा आकडा केवढा मोठा! ती फोटोंचीच डिस्क होती. एवढं तर काउंटरवर बसून मलाही कळतं.

"अहो!" मी अशी किंचाळले की कप बशीत आडवा झाला.

त्यांनी बोट उचललं. पडद्याकडे बघितलं. मग हसले. "तुझी परीक्षा घेत होतो." मी पण हसले. पण लगेच फोटोवाल्याच्या मशीनवर मी फडकं टाकून ठेवलं आणि "तो म्हणालाय, घाई नाही" अशी थाप मारली.

लेकीला पुन्हा बोलावलं. तिने मागच्या टेबलापाशी बसून सगळं ऐकलं. रोज पुसलं जाणारं समुद्राचं चित्र ऐकून तर तिला हसूच फुटलं. "अगं आई, तो पेनड्राइव्ह असाच असतो! चालतो, पण लक्षात काही ठेवत नाही. मशीन बंद केलं की त्याच्यासाठी कालचा दिवस नाहीच."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, उठून तिची पापी घेतली. म्हणजे विसरत होता तो पेनड्राइव्ह! मी मेली उगाच नाही नाही ते मनात आणत होते. "मग लक्षात ठेवणारा बनवून दे," मी म्हटलं. "बनतो ना तसा?"

"बनतो. मोठा पेनड्राइव्ह घेऊन त्याच्यावर सगळं कायमचं बसवायचं." ती हसायची थांबली होती. बाबा वर आहेत ना, हे तिने मान वळवून बघितलं. "पण आई, एक ध्यानात घे. यापुढे काही हरवलं, तर ते मशीनने हरवलेलं नसेल."

"तू बनव गं," मी तोडून टाकलं.

दुपारी बापलेक शेजारी बसले. बसवून झाल्यावर मशीनने पासवर्ड मागितला. "मी ठेवतो," हे म्हणाले, आणि माझ्याकडे तिरकं बघत, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, त्यांनी 'तिखट' असं टाइप केलं. लाडात आले की मला तिखट म्हणतात. लेक खो खो हसली, मी लटकी चिडले. मग त्यांनी समुद्र लावला, अक्षरं मोठी केली, घड्याळ बरोबर केलं. लेक गाडी पकडून गेली.

सकाळी हे माझ्या आधी खाली उतरले. मी गेले तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं आणि पासवर्ड मागत होतं. त्यांनी काहीतरी टाकलं. चूक. दुसरं टाकलं. चूक.

"ह्याला पासवर्ड कुणी ठेवला?"

"तुम्हीच. काल."

"काल?" त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग काही न बोलता ते कामाला लागले, अगदी त्यांच्या जुन्या पद्धतीने. कॅप्स लॉकची कळ दाबली गेलीय का, बघितलं. कीबोर्डची भाषा बदललीय का, बघितलं. मागून दुसरा कीबोर्ड आणून लावला. मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह काढून फुंकला, दुसऱ्या पोर्टमध्ये घातला, पुन्हा सुरू केलं. हात जराही अडखळत नव्हते. मशीनने पुन्हा पासवर्ड मागितला, आणि ते कीबोर्डवर बोटं ठेवून नुसते बसून राहिले.

मला बघवेना. मी वाकून टाइप केलं, तिखट.

पडदा उघडला. समुद्र तिथेच होता. अक्षरं मोठी, घड्याळ बरोबर. कालचं सगळं जसंच्या तसं होतं.

"कीबोर्ड ठीक आहे," ते म्हणाले. "पोर्ट ठीक आहे. पेनड्राइव्ह ठीक आहे." मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता तपासायचं काय राहिलं गं?"

सगळ्या गल्लीत माझ्या तोंडाचा पट्टा प्रसिद्ध. मी मात्र काढून ठेवलेला कीबोर्ड पदराने पुसायला लागले. एका कामात अडले की हे दुसरं काम ओढतात, तसा त्यांनी हात लांब केला आणि फोटोवाल्याच्या मशीनवरचं फडकं उचललं.

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं.

मागच्या टेबलावर मी त्यांना असं कधीच अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर "तू तुझं काउंटर सांभाळ" म्हणून त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. मी त्याचीच वाट बघत उभी राहिले. ओरडा हो, म्हटलं मनात, एकदा तरी ओरडा.

त्यांनी फडकं पुन्हा नीट पसरलं, हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बरं."